मेंढ्या बसल्या नाहीत

“कोनी जहर टाकं? नाव सांगा! नही ते मी आठेथीन हालनार नही!”

रुपचंद ठेलारी मंजुळाबाईच्या वावरात मधोमध उभा राहून ओरडत होता. पायाशी त्याची मेंढी पडली होती, पोट टम्म फुगलेलं, चारी पाय ताठ. शेजारी अजून दोन. चौथी उभी होती, पण तिच्या तोंडातून फेस गळत होता, आणि तिचंही आता काही खरं नाही हे कुणी सांगायची गरज नव्हती. चैत्रातलं ऊन ते; सकाळचे सातच वाजले होते, तरी डोकं तापायला लागलं होतं. बांधावर निम्मं कापरखेडे जमलं होतं. असल्या वेळी गावाला दुसरं काम नसतं.

रुपचंदची बायको भिकुबाई मेलेल्या मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पदर तोंडात कोंबून रडत होती बिचारी. मेंढी गाभण होती.

आता आमच्याकडच्या माणसाला ठेलारी कोण हे सांगावं लागत नाही, पण तुम्ही लांबचे असाल तर ऐका. ही मेंढरं घेऊन फिरणारी माणसं. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून निघायचं आणि पावसाच्या आधी परत फिरायचं. वाटेत ज्याचं वावर मोकळं असेल, त्याच्या वावरात रात्री मेंढ्या बसवायच्या. मेंढ्यांना धसकटं, पाला, वेल खायला मिळतात, आणि वावराला लेंड्या नि मूत. शेतकरी ठेलाऱ्याला दादर ज्वारी देतो, भाकर देतो. रुपचंद बावीस वर्षं आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी मंजुळाबाईच्या तीन एकरांत पाच रात्री मेंढ्या बसवत होता. तिचा नवरा मगन होता तेव्हापासूनचा हा रिवाज. मगन गेला, पण रुपचंद यायचा चुकला नाही. त्या पाच रात्रींच्या जोरावर ते वावर वर्षभर पिकायचं, हे गावात कुणालाही विचारा.

“मी फाडस हिले. देखू द्या काय खादं ते,” रुपचंद म्हणाला आणि त्यानं कमरेची सुरी काढली.

बायकांनी तोंडं फिरवली. मंजुळाबाईनं नाही फिरवलं. रुपचंदनं कोपरापर्यंत हात घातला आणि पोटातून एक गोळा ओढून काढला, चांगला नारळाएवढा. चरवीतलं पाणी ओतून धुतला, उलगडला. एका बाजूनं काळा, एका बाजूनं चकचकीत चंदेरी. प्लास्टिकची पन्नी होती ती. तुकड्यात तुकडा अडकून दोरखंडासारखा पीळ पडला होता.

“हायवेवरनी शे ती, रुपचंददादा,” मंजुळाबाईचा मुलगा ज्ञानेश्वर घाईनं म्हणाला. “धाबावाला बठ्ठा कचरा रस्तावर फेकतस. मेंढ्यासनी तठेच खादं व्हई.”

“व्हय, व्हय, धाबानंच शे,” बांधावरून दोघा-तिघांनी री ओढली. त्यांच्याही वावरात तीच पन्नी होती ना!

रुपचंदनं मंजुळाबाईकडं पाहिलं. “अक्का, तू काय म्हनस?”

जिच्या तोंडापुढं सरपंच उभा राहत नाही, ती मंजुळाबाई त्या दिवशी खाली बघून गप्प राहिली. कारण तिला पक्कं ठाऊक होतं. धाब्यावर काळी-चंदेरी पन्नी कुठून येणार? ती तिच्याच वावरातली. ज्ञानेश्वरनं दोन वर्षांपासून टरबूज लावलं होतं, वाफ्यांवर मल्चिंगची पन्नी अंथरून. पन्नीमुळं पाणी निम्मं लागतं, तण होत नाही, टरबूजही देखणं येतं. त्यात खोटं काही नाही. पण पहिलं टरबूज निघाल्यावर फाल्गुनात पोरानं विचारलं होतं, “माय, पन्नी उचलाले बाया लावू का?”

तेव्हा हीच म्हणाली होती, “कसाले बाया लावस? रोटर मार. मना जनमम्हा ह्या माटीनी कोनतीच चीज परत धाडी नही. पराटी खादी, फाटेल लुगडं खादं, तुना बापनी मरेल म्हैस खादी. हाई इतलीशी पन्नी काय शे तिले?”

दोन्ही वर्षं ट्रॅक्टरचा रोटर फिरला आणि पन्नीचे बोटबोट तुकडे होऊन मातीत मिसळले. तिला वाटलं, झालं. आजवर तिनं मातीत जे घातलं त्याची मातीच झालेली तिनं पाहिली होती. दुसरं काही होऊ शकतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. त्या तुकड्यांवर खताचे खार चढले होते, वेल वाळून त्यांना चिकटले होते. मेंढीला काय कळतंय?

रुपचंदनं तीन मेंढ्या नाल्याकाठी पुरल्या. पाचातल्या दोन रात्री बाकी होत्या, पण त्यानं मेंढ्या कोंडायची जाळी गुंडाळली, घोडा लादला आणि धाबेवाल्याच्या सात पिढ्या उद्धरत कळप हाकला. चौथी मेंढी भिकुबाईनं घोड्यावर टाकली.

दुपारी सून सुलक्षणेनं ताट वाढलं. मंजुळाबाईनं घास मोडला, तोंडाशी नेला आणि परत ताटात ठेवला.

“आत्या, जेवा ना. गयं ते गयं.”

“गयं कोठे? तो त्या धाबावालासंगे मारामारी करी. उगाच कोनं डोकं फुटी,” मंजुळाबाई म्हणाली. पण खरं तिला ते खुपत नव्हतं. बावीस वर्षं ज्या माणसानं तिच्या दारचं पाणी मागून घेतलं, त्याच्यासमोर खाली बघून ती खोटी पडली होती. तिला स्वतःचीच शिसारी आली. ती उठली, डोक्यावर पदर ओढला आणि भर उन्हात निघाली.

कळप दीड कोसावर, पांझरेच्या कोरड्या पात्रात बाभळींखाली सापडला. चौथी मेंढीही गेली होती.

“अक्का? इतला उनम्हा?” रुपचंद उठून उभा राहिला. “काही राही गयं का?”

“रुपचंददादा, ती पन्नी धाबानी नही. मनी शे.”

“तुनी? कशी?” रुपचंदनं विचारलं.

“मनाच वावरनी. पोऱ्या उचलाले तयार व्हता. मीच सांगं, रोटर मार.”

“मंग सकाये काब्र बोलनी नही?”

“भ्याव लागना.”

“कसानं भ्याव? मी काय मारनार व्हतू तुले?”

“तू परत येनार नही, त्यानं.”

भिकुबाई पलीकडून म्हणाली, “आठ दिवसम्हा व्याती वं ती, अक्का.” एवढंच. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर मंजुळाबाईला बरं वाटलं असतं.

रुपचंद खाली बसला आणि त्यानं काठी वाळूत रुतवली. मग म्हणाला, “तू खरं सांगं, ते मी बी खरं सांगस. ती पन्नी निंघस नही, तवलोंग मन्या मेंढ्या तुना वावरम्हा पाय ठेवनार नहीत. आनि दुसरा ठेलारीसले बी मी सांगसू. नही सांगं ते त्यासन्या मरतीन.”

“सांग बाप्पा. सांगनंच जोयजे.”

आणि त्यानं सांगितलं. त्या वर्षी कापरखेड्यात नंतर एकही कळप थांबला नाही. गाव मंजुळाबाईवर उलटलं. पन्नी सगळ्यांच्या वावरात, पण कबूल हिनं केलं ना! शेजारचा धनसिंग तर भर चौकात म्हणाला, “म्हतारीनी तोंड उघाडं आनि गावनं खत गयं.” मंजुळाबाईनं त्याला तिथंच झाडला, “तोंड उघाडं म्हनीसन खत गयं, का पन्नी गाडी म्हनीसन गयं? तुना वावरम्हा जाय आनि खुरपं मारी देख!” धनसिंग गेला नाही. बघितल्यावर काय निघेल हे त्यालाही कळत होतं.

वैशाखापासून मंजुळाबाई खुरपं आणि गोणी घेऊन वावरात बसू लागली. एक हात जागा घ्यायची, वीतभर उकरायची, ढेकूळ फोडायचं, तुकडे वेचायचे, पुढं सरकायचं. घरची माणसं आधी हसली. मग रागावली. पाऊस झाला, कपाशी लावली, तरी ती दोन ओळींमध्ये बसून वेचतच होती. आणि मेली ती पन्नी संपायचं नाव घेईना! आज साफ केलेल्या जागेत पावसानंतर पुन्हा चंदेरी चमकायचं. वखर मारला की पुन्हा नवी वर यायची. त्या वर्षी वावराला लेंडी कमी पडली होती, माती विटेसारखी घट्ट झाली होती. जागोजागी पाणी साचून कपाशी पिवळी पडली. एक रोप तिनं उपटून पाहिलं तर मूळ खाली गेलंच नव्हतं. पन्नीच्या तुकड्याला अडून आडवं वळलं होतं. ते रोप हातात धरून ती भर वावरात रडली. चार मेंढ्या मेल्या तेव्हाही ती एवढी रडली नव्हती.

बरं, वेचलेली पन्नी ठेवायची कुठं? पहिल्या दोन गोण्या ज्ञानेश्वरनं गावाबाहेर नाल्यात ओतल्या. मोठा पाऊस झाला, नाल्याला पूर आला आणि पुरानं त्या गोण्यांमधली पन्नी आणून खालच्या बांधाला लावली. कुणाच्या? यांच्याच! मग त्यानं एक गोणी पेटवली. काळा धूर घरात भरला, सुलक्षणेची लहान पोर खोकून खोकून निळी पडली. तेव्हापासून जाळणं बंद. भंगारवाल्याला बोलावलं तर तो म्हणाला, माती लागलेली चालत नाही, धुऊन द्या. धुवायला पाणी कुठलं आणायचं? तेव्हा गोण्या ओसरीवर चढू लागल्या. दिवाळीपर्यंत तेवीस झाल्या.

“आत्या, हाई घर शे का उकिरडा?” सुलक्षणा एके दिवशी भडकली. “उकिरडानं तरी खत व्हस!”

मंजुळाबाई एरवी चिडायची, पण आज चिडली नाही. गोण्यांकडं बघत म्हणाली, “खरं बोलनी. चाल, जेनं शे त्याले दी येवूत.”

दुसऱ्या दिवशी सासू-सून टेम्पोत गोण्या टाकून धुळ्याला गेल्या. ज्ञानेश्वर आला नाही. त्याला लाज वाटत होती, पन्नी विकणाऱ्या शेठकडं त्याचं नेहमीचं येणं-जाणं होतं. ज्या दुकानातून पन्नी घेतली होती, त्याच्या पायरीवर सुलक्षणेनं सहा गोण्या उतरवल्या तेव्हा कुठं शेठ बाहेर आला.

“अहो बाई, हे काय? रस्ता अडवताय!”

“तुमनी पन्नी शे, शेठ. परत लई उनूत.”

“वापरलेली? अहो, आम्ही फक्त विकतो. परत घेत नाही.”

“मंग आम्ही कोठे ठेवानी?”

“फेकून द्या ना कुठंतरी बाहेर.”

“बाहेर म्हनजे कोठे?” मंजुळाबाईनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. “गावबाहेर टाकी देखी, ती मनाच वावरम्हा उनी. जाळी देखी, ती मनी नातना छातीम्हा गयी. तुम्ही शिकेल मानूस, माले ते बाहेर दखाडा. मी सोता जाईसन टाकी येस.”

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. शेठ ओशाळला, मग चिडला. “हे बघा, कंपनी बनवते, आम्ही विकतो, तुम्ही वापरता. वापरल्यानंतरचं आमच्याकडं काही नाही.”

“तठेच ते चुकस ना, शेठ! मेंढी मनं वावर खास, ते लेंडी दी जास. गाय कडबा खास, ते शेन दी जास. आमना खेडाम्हा जे येस ते कसानं ना कसानं परत फिरस. तुमनी चीज एकच वाट शिकेल. येवानी.”

शेठनं हमालांना हाक मारली. त्यांनी गोण्या परत टेम्पोत चढवल्या. काउंटरपाशी उभ्या असलेल्या एका शेतकऱ्यानं हळूच विचारलं, “अक्का, खरंच मेंढ्या मरन्यात?” ती म्हणाली, “चार.” तो चुकचुकला. मग शेठकडं वळून म्हणाला, “माले दोन बंडल द्या.” पोट त्यालाही होतं, बिनपन्नीचं तण काढायला मजूर त्यालाही मिळत नव्हते. तेवीस गोण्या आल्या तशा ओसरीवर परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी झाल्यावर सुलक्षणेनंही खुरपं उचललं आणि सासूपासून चार हातांवर जाऊन बसली. कपाशी निघाल्यावर ज्ञानेश्वरनं नांगर खोल घातला, म्हणजे खालची वर येईल म्हणून. टरबूज त्या वर्षी लावलं नाही. का ते घरात कुणी विचारलं नाही.

पुन्हा चैत्र आला. वावर मोकळं होतं. गोण्या छत्तीस झाल्या होत्या आणि आता दिवसाला ओंजळभरच पन्नी निघत होती. मंजुळाबाई रोज संध्याकाळी रस्त्यावर येऊन पांझरेकडं बघायची. विचारलं तर म्हणायची, वारा खायला उभी आहे.

आणि एके दिवशी, चार-साडेचारच्या उन्हात, धूळ उठली. घंटा ऐकू आल्या. पुढं घोडा, मागं कळप, आणि कळपापुढं रुपचंद. भिकुबाईच्या खांद्यावर कोकरू होतं. मंजुळाबाई लहान पोरीसारखी पळत बांधापर्यंत गेली.

“उना रे भाऊ, उना!”

“उनू, अक्का.” रुपचंद वर्षात फार वाळला होता. कळपही निम्मा दिसत होता. “सात गावं फिरी उनू. जठे जावा तठे पन्नी. कोनी कबूल नही करत, पन मी आते माटी देखस ना. वीस मेंढ्या गयात. मंग नदीवर एक गडी भेटना, बोलना, कापरखेडानी म्हतारी वरीसभरथाईन पन्नी येची राहिनी. म्हनं चाल. तुनं वावर बठ्ठासपेक्षा साफ शे. सोड मेंढ्या, भिकू!”

घोडा बांधावरून आत वळला. पहिल्या पाच-सहा मेंढ्यांनी मान खाली घातली. आता सांगा, यासाठीच बाईनं वर्षभर गुडघे झिजवले होते. गावानं हिणवलं, शेठनं हाकललं, ते याच घडीसाठी. हो म्हणायचीही गरज नव्हती, नुसतं बाजूला सरायचं होतं.

मंजुळाबाईनं दोन्ही हात पसरले आणि मेंढ्यांच्या आडवी उभी राहिली.

“नको रुपचंददादा. भिकू, मांगे ले. हुर्र! मांगे!”

“काय व्हयनं?”

तिनं कमरेचा पदर सोडला. सकाळी वेचलेले तुकडे त्यात होते. वीतभर लांब एक, बाकी बोटभर. “आज सकायना शेत. नांगरना तासम्हा निंघनात. आजून शे माटीम्हा.”

“इतलीशी? बाकीनी वावरंसम्हा यानी शंभरपट शे!”

“एक मेंढीले इतलीशी पुरस.”

रुपचंदचा आवाज चढला. “मंग मी आते कोठे बसाडू? तूच सांग! सात गावं सोडेल शेत. तू बी नही म्हनस. मन्या मेंढ्या काय आभायम्हा बसाडू?”

तिनं पदर एका मुठीत धरला आणि दुसरा हात आडवाच ठेवला. “मी एकदाव गप राहिनू ना, दादा,” ती म्हणाली. “आते नही राहानार.”

भिकुबाई पुढं आली. तिनं मंजुळाबाईच्या पदरातले तुकडे पाहिले, खांद्यावरचं कोकरू नीट केलं आणि मेंढ्या बांधाबाहेर वळवल्या. जाता जाता तेवढी मंजुळाबाईच्या दंडाला हात लावून गेली. रुपचंद मात्र मागं न बघता चालू लागला. कुठं चालला ते त्यालाही माहीत नसावं.

कळप डांबरी रस्त्याला लागला. दिवसभर चरलेल्या मेंढ्या. चालता चालता रस्ताभर लेंड्या पडत गेल्या, वावराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मागून वाळूचा ट्रक आला आणि त्यांच्यावरून गेला. लेंड्यांचा भुगा डांबराला चिकटला. मंजुळाबाई बघत होती. तीन एकर मातीच्या तोंडचा घास होता तो, आणि डांबर तो खात नव्हतं, कुणाला खाऊही देत नव्हतं.

ती झटकन घराकडं वळली आणि खराटा नि टोपलं घेऊन आली. भर रस्त्यात बसून लेंड्या लोटू लागली.

“आत्या, वं आत्या! उठा! गाड्या येतस, लोके देखतीन!” सुलक्षणा धावत आली.

“देखू दे.”

पुढून दुसरा ट्रक येत होता. हॉर्न वाजवत होता. ज्ञानेश्वर अंगणातून हे बघत होता. ज्याला शेठच्या दुकानात यायची लाज वाटली होती, तो पोरगा रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला, खांद्यावरचा रुमाल काढून हलवू लागला. ट्रक थांबला. ड्रायव्हर शिव्या देत होता. ज्ञानेश्वरनं हात जोडले आणि म्हणाला, “दोन मिनिट, दादा. मनी माय खत भरी राहिनी.”

धनसिंग त्याच्या बांधावर उभा राहून पाहत होता.

दिवस मावळेपर्यंत दोन टोपली झाली. तीन एकर वावराला दोन टोपली. मंजुळाबाईनं ती उचलून वावराच्या वरच्या कोपऱ्यात नेली. तिथं खाटेएवढी जागा होती. तिच्यात महिनाभर उकरून एकही तुकडा निघाला नव्हता. तेवढ्याच जागेत तिनं लेंड्या पसरल्या, हातानं मातीत कालवल्या, आणि शेजारची हातभर जागा खुरप्यानं उकरायला बसली.